भरती थांबली तेव्हा

आपल्या भागात पोराचा दहावीचा निकाल लागला की पाहुणे दोन गोष्टी विचारतात. टक्के किती पडले आणि उंची किती भरली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं असलं तर पहिल्याकडं फारसं कुणी बघत नाही. खानापूर, चंदगड, निपाणी, गडहिंग्लज, कुठल्याही गावात जा, चार घरांमागं एका घराच्या चौकटीवर पेन्सिलीनं आखलेल्या रेघा सापडतील. पोरगं किती वाढलं ते दर दिवाळीला त्या रेघांवर बघायचं. आमच्याही चौकटीवर आहेत. घर रंगवताना रंगाऱ्याला मी तेवढा भाग सोडायला लावला होता.

बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं सैन्य म्हणजे आपल्याला लांबची गोष्ट कधी वाटलीच नाही. कसम परेडला शेजारच्या गावातलं पोरगं उभं असतं आणि त्याची आई नवं लुगडं नेसून बघायला गेलेली असते. इटलीच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची नावं आमच्या मुलांना इतिहासाच्या पुस्तकाआधी घरातच समजली. सासरे मराठा पल्टनमधून पेन्शनीला आले, आमचे हेही तिथूनच हवालदार होऊन आले. त्यामुळं पोरगा पुढं काय करणार असा प्रश्न आमच्या घरात कधी पडला नव्हता. म्हणजे कुणी ठरवून विचारायचं टाळलं असं नाही. पावसाळ्यात भात लावायचं की नाही हे जसं कुणी विचारत नाही, तसंच होतं ते.

माझं माहेर बैलहोंगलचं. आडनाव मराठी, घरातलं बोलणं कानडी. आमच्याकडं सैन्यात कुणी नव्हतं. त्यामुळं सासरी आल्यावर पहाटे साडेचारला अंगणात पोरं कशाला धावतात ते मला आधी कळायचं नाही. पुढं मीच गजर लावायला लागले.

आमच्या धाकट्यानं दहावीनंतर पीयूसीला आर्ट्स घेतलं. त्याला इतिहासाची आवड होती म्हणून घेतलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. आर्ट्सला प्रॅक्टिकल नाही, सकाळ रिकामी मिळते, धावायला वेळ राहतो. साडेसतरा वर्षं पुरी झाली की भरतीला उतरायचं, असा हिशेब होता. २०२० च्या मेमध्ये त्याची साडेसतरा पुरी होत होती. मार्चमध्ये सगळा देश बंद झाला. बारावीचा इंग्रजीचा एकच पेपर राहिला होता, तो सुद्धा १८ जूनला तोंडाला मास्क लावून दिला. पेपर तरी झाला. भरती मात्र थांबली.

'थांबली' हाच शब्द तेव्हा सगळे वापरायचे. बंद झाली असं कुणी म्हणत नव्हतं. आज ना उद्या मेळावे सुरू होतील, कदाचित दिवाळीनंतर, कदाचित उन्हाळ्यात, अशी बोलणी चालायची. पुढं सरकारनं संसदेत आकडे दिले. २०१९-२० या वर्षात लष्करात ८०,५७२ जवान घेतले होते आणि त्यापुढच्या दोन वर्षांत एकही नाही. हे आकडे आपल्याला मागाहून कळले. त्या दोन वर्षांत पोरांना कळत होतं ते एवढंच, की पुढच्या महिन्यात काहीतरी होईल. आणि पुढचा महिना आला की परत पुढचा महिना.

माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा, माझा पुतण्या, या फेऱ्यात सगळ्यात वाईट सापडला. १९९९ च्या जुलैतला जन्म. २०२० च्या सुरुवातीला त्याचं ग्राउंड निघालं होतं, मेडिकल निघालं होतं, फक्त लेखी परीक्षा राहिली होती. आमच्या जाऊबाईंनी पेढे आणून ठेवायचेच बाकी होते. ती लेखी पुढं ढकलली गेली. परत ढकलली गेली. तो रोज पहाटे धावायचा, दुपारी सामान्यज्ञानाचं पुस्तक घेऊन बसायचा आणि संध्याकाळी पोरांच्या मोबाइलवर तारखेची बातमी शोधायचा. कुणी सांगितलं, 'अरे, तोवर कुठंतरी कामाला जा,' तर म्हणायचा, 'काकू, पंधरा दिवसांत लेखी लागली तर? सराव मोडेल.' त्याचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. जो दार लावून घेतो त्याच्यापुढनं माणूस उठून तरी जातो. अर्धवट उघड्या दारापुढं काय करायचं?

त्याच्याकडं बघून मला धाकट्याची काळजी लागली. एका रात्री जेवताना मी विचारलं, 'भरती नसतीच तर तू काय केलं असतंस?' ताटं वाजायची थांबली. सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देव्हाऱ्यातला दिवा विझवला. आमचे हे काही बोलले नाहीत. आणि पोरगा? तो विचार करून म्हणाला, 'माहीत नाही.' अठरा वर्षांचा पोरगा, शाळेत कधी नापास नाही, व्यसन नाही, दहा बीम सहज मारतो, आणि आपल्याला काय आवडतं हे त्याला माहीत नाही. त्याला तरी कसं माहीत असणार? आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भरतीचं एक बरं होतं, तिच्यात निवड करावी लागत नसे. निवडायचं काम भरतीचं, पोरानं फक्त धावायचं.

'तुला काय व्हायचंय' या प्रश्नाला उत्तर येत नाही असं दिसल्यावर मी तो प्रश्न सोडून दिला. (वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत करिअरचे तक्ते येतात. ते मी कापून ठेवले होते. त्यात पायलटपासून फॅशन डिझायनरपर्यंत सगळं असतं, पण आर्ट्सवाल्या खेड्यातल्या पोरानं सोमवारी सकाळी कुठं जायचं ते नसतं.) मी नुसतं त्याच्याकडं बघायला लागले. हा दिवसभर काय करतो, कशात रमतो.

आणि मला मीटरची गोष्ट आठवली. लॉकडाऊनच्या आधी तो भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या एका अकॅडमीत जात होता. चांगली फी घेतली होती. तिथं मैदानाला चार फेऱ्या मारल्या की सोळाशे मीटर, असं सांगितलं होतं. तेव्हा भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर साठ गुण असायचे, पावणेसहा मिनिटांपर्यंत अठ्ठेचाळीस, त्यापुढं घरी. सगळी पोरं पाच वीस, पाच पंचवीस अशा वेळा सांगून खूश होती. याला काय शंका आली की, एका रविवारी मोजपट्टी आणि दोरी घेऊन गेला आणि अख्खी फेरी मोजली. तीनशे एकोणनव्वद मीटर भरली. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजली. फेरीमागं अकरा मीटर कमी, म्हणजे चार फेऱ्यांत चव्वेचाळीस, म्हणजे नऊ-दहा सेकंद. जो पोरगा स्वतःला पाच पंचवीसचा समजत होता तो खऱ्या मैदानावर पहिल्या गटातनं बाहेर पडणार होता. हे सरांना सांगितल्यावर त्यांनी याला शिस्तीवर भाषण दिलं. मग यानं गावच्या रस्त्यावर स्वतः सोळाशे मीटर मोजून चुन्याच्या खुणा केल्या, आणि आसपासची पोरं तिथं धावायला येऊ लागली.

माझा भाऊ उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्न मेकर आहे. ओतकामासाठी आधी लाकडाचा किंवा धातूचा नमुना करावा लागतो, वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं त्याचा हिशेब धरून तो नमुना जरा मोठा ठेवावा लागतो, ते त्याचं काम. बेळगावचं नाव सैन्यासाठी जेवढं घेतात तेवढंच फौंड्री आणि मशीन शॉपसाठी घ्यायला हवं, पण पाहुण्यांत बसल्यावर वर्दीचं बोलतात, भट्टीचं कुणी बोलत नाही. भावाला फोनवर ही अकरा मीटरची गोष्ट सांगितली तर तो हसत सुटला. म्हणाला, 'अक्का, अकरा मीटर खटकणारं पोरगं आहे तुझं, त्याला मशीनवर उभं कर. आमच्याकडं लोकांना अर्धा मिलिमीटर खटकत नाही.'

बैलहोंगलहून अव्वानं फोन हातात घेऊन नातवाला सांगितलं, 'तम्मा, कैकसुबु कली.' हाताचं काही शीक. कानडीत कसुबु, मराठीत कसब. एकच शब्द दोन्ही घरांत आहे, पण आमच्या सासरी तो फक्त कौतुकाला वापरत होते आणि माझ्या माहेरी पोट भरायला.

त्यानं आयटीआयला मशिनिस्ट हा ट्रेड घेतला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दहावीच्या गुणांवर प्रवेश. आमचे हे तेव्हा एवढंच म्हणाले, 'भरती निघाली की सोड.' सासूबाईंना वाटलं, नातू 'कारखान्यात' जाणार म्हणजे घराण्याची पायरी उतरली. त्यांना दोष देत नाही. हे राहतं घर पेन्शनीवर उभं आहे. पंधरा वर्षं नोकरी झाली की शिपायाला जन्मभर पेन्शन, कॅन्टीनचं कार्ड, दवाखाना, आणि गावात मान. कारखान्याच्या दारात यातलं काय मिळतं?

शाळेत न रमलेलं माझं पोरगं तिथं रमलं, हे मात्र डोळ्यांनी दिसलं. एका संध्याकाळी त्यानं व्हर्नियर कॅलिपर घरी आणला आणि वडिलांना शिकवायला बसला. मिलिमीटरचे पन्नास भाग करायचे, त्यातला एक भाग वाचायचा. ह्यांना चष्मा लावून सुद्धा रेघ जुळलेली दिसेना. पोरगं म्हणालं, 'बाबा, तुम्ही रायफलचं नेम जुळवता तसंच आहे.' मग दोघांनी मिळून घरातलं जे सापडेल ते मोजलं. माझ्या बांगडीपासून देवघरातल्या घंटेपर्यंत. त्या दिवसापासून 'भरती निघाली की सोड' हे वाक्य मी परत ऐकलं नाही. त्यांनी मत बदललं की नाही ते मला ठाऊक नाही, विचारलं नाही.

त्याचं धावणं बंद झालं नव्हतं, हेही सांगायला हवं. पहाटे चुन्याच्या खुणांवर धावायचं, आठला बस पकडायची. आधी दिवसभर भरतीची वाट बघायची होती, आता तासभर.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. भरती सुरू होणार, पण चार वर्षांसाठी. त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होणार, बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी देऊन घरी पाठवणार, पेन्शन नाही. देशभरात काय काय झालं ते आपण वाचलं आहे. आमच्या गल्लीतही त्या आठवड्यात कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. निवृत्त मंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणे, चार वर्षांत जवान कसला तयार होतो, रायफल हाताला बसेपर्यंत घरी यायची वेळ. दुसरा म्हणे, पंचविशीच्या आत एवढी रक्कम कुणाच्या बापानं बघितली आहे? मला दोघांचंही पटत होतं. सेवा निधीचा आकडा लहान नाही. पण पेन्शन बाईच्याही हातात येते, नवऱ्यामागं सुद्धा येते. रक्कम एकदा आली की भावाचं लग्न, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर, असं करत दोन वर्षांत कुठं जाते ते आपण पाहतोच.

जे आधी ग्राउंड आणि मेडिकल काढून बसले होते त्यांची जुनी प्रक्रिया रद्द झाली. त्यांनीही नव्यानं रांगेत उभं राहायचं. दोन वर्षं गेली म्हणून त्या एका वर्षापुरती वयाची अट एकवीसची तेवीस केली, आणि जन्मतारीख १ ऑक्टोबर १९९९ च्या पुढची मागितली. माझ्या पुतण्याचा जन्म जुलैचा. अडीच-पावणेतीन महिने. त्या दिवशी तो आमच्याकडं आला आणि चुलीजवळ बसून राहिला. मी चहा दिला, तो गार झाला. म्हणाला, 'काकू, नापास केलं असतं तरी चाललं असतं.' यावर मी काय बोलणार? तो दीड तास बसला. जाऊबाई त्याला शोधत आल्या तेव्हा मी हातानंच खूण केली, आत्ता काही विचारू नका.

आमच्या धाकट्याची आयटीआयची शेवटची परीक्षा त्याच पावसाळ्यात होती. बरोबरीची दोघंतिघं पोरं वर्ग सोडून मेळाव्याच्या तयारीला गेली. याच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी मध्ये पडले नाही. तोच म्हणाला, 'परीक्षा देतो. वयात अजून एक वर्ष आहे माझ्याकडं.' परीक्षा दिली, उद्यमबागेत एका शॉपमध्ये अॅप्रेंटिस लागला, सीएनसी मशीन शिकला.

२०२३ ला पद्धत बदलली. आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. एप्रिलमध्ये त्यानं ती परीक्षा दिली आणि तो पास झाला. आयटीआयवाल्यांना टेक्निकलला जादा गुण मिळतात, पण याला पायदळच हवं होतं, म्हणून जनरल ड्यूटीचा फॉर्म भरला. त्यात आम्ही कुणी बोललो नाही. मेळाव्याला वडील बरोबर गेले. सोळाशे मीटर पाच मिनिटं अडतीस सेकंद. दुसरा गट, अठ्ठेचाळीस गुण. बीम दहा, चाळीसपैकी चाळीस. मेडिकलही निघालं. ह्यांनी गावात पाऊल टाकल्याबरोबर शेजारच्या सुभेदारसाहेबांना अडतीस सेकंद सांगितले, जणू तीसच असावेत.

यादी लागली तेव्हा तो कामावर होता. दुपारच्या सुट्टीत डबा खाताखाता मोबाइलवर पाहिली. नाव नव्हतं. संध्याकाळी घरी आला, पाय धुतले, आणि वडिलांना सांगितलं. दोघं अंगणात बसून राहिले, बोलले फार नाहीत. सासूबाई आत डोळे पुसत होत्या. मीही पुसले, खोटं कशाला सांगू. दहा वर्षांचा होता तेव्हापासून धावत होता तो. पण रात्री झोपताना म्हणाला, 'आई, उद्या पहिली शिफ्ट आहे, पाचला उठव.' मी साडेचारलाच उठले, सवयीनं. त्या पहाटे तो धावला नाही. पुढच्या रविवारी धावला.

आता तो मशीन सेटिंग करतो. पगार किती ते लिहित नाही, सोयरिकीच्या चौकशा सुरू आहेत! सासूबाई पाहुण्यांना 'नातू कंपनीत इंजिनिअर आहे' असं सांगतात. तो इंजिनिअर नाही, त्यानं त्यांना दोनदा सांगून पाहिलं. डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो घ्यावा असं मामाच्या मनात आहे. बघूया.

पुतण्यानं वर्षभर काही केलं नाही. मग अवजड वाहनाचं लायसन काढलं. आता बेळगाव-गोवा ट्रक चालवतो, चोर्ला घाटातनं. मधे महाराष्ट्र पोलीस भरतीची जाहिरात आली तेव्हा तो कागद घेऊन माझ्याकडं आला होता. खुल्या गटाला अठ्ठावीस वर्षांपर्यंत मुभा आहे आणि सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांनाही अर्ज करता येतो. त्यासाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. दाखला आपल्या तहसील कचेरीतनं, म्हणजे अर्ज कानडीत. मराठी शाळेतनं आलेली आपली पोरं इथं अडतात. दाखल्यासाठी एजंटाला पैसे देतात, किंवा फॉर्मच भरत नाहीत. आपल्यासारख्या घरांत एक तरी बाई दोन्ही भाषा लिहिणारी असते, तिच्याकडं कागद घेऊन का येत नाहीत कोण जाणे. त्याचा अर्ज मी लिहून दिला.

'काकू, परत तयारीला बसू काय? गाडी सोडतो चार महिने.'

मी म्हटलं, 'फॉर्म भर, पहाटे धाव. गाडी सोडू नकोस. कॉल लेटर हातात पडलं की मालकाला मी स्वतः सांगते.'

'मालक कानडी आहे काकू.'

'मग तर बरंच झालं,' मी म्हटलं, 'आणि फोटो काढायला जाताना दाढी करून जा.'